पोरांना भरवण्यात कसलं आलंय करिअर?

प्रश्न: सर, मी पोषणशास्त्राच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारी एका पाळणाघरात पार्टटाइम मदतनीस म्हणून जाते. पुढे मला लहान मुलांमध्येच काम करायचंय, जमलं तर स्वतःचं पाळणाघर काढायचंय. बाबा म्हणतात डिग्री घेऊन लोकांच्या पोरांना भरवत बसणार का, सरळ डायटिशियन हो. दुसरी गोष्ट, आमच्याकडे एक दोन वर्षांचा मुलगा जेवतच नाही. मोठ्या ताई म्हणतात मोबाईल लाव आणि भरव, कारण संध्याकाळी त्याच्या आईला "सगळं संपवलं" असं सांगायचं असतं. मला हे पटत नाही, पण बरोबर काय ते कुठे शोधायचं तेही कळत नाही.

उत्तर:

बाबांचं आधी बघू. डायटिशियनचं काम चांगलंच आहे, पण ते बरंचसं आजारी माणसाबरोबर करायचं काम आहे, डिग्रीनंतर इंटर्नशिप असते, पुष्कळ ठिकाणी परीक्षा आणि रजिस्ट्रेशन असतं, आणि हॉस्पिटलची आवड असेल तर जरूर कर. पण तुझ्या पत्रात पेशंट हा शब्द एकदाही आला नाही, सगळीकडे मुलंच आहेत, म्हणून मला वाटतं तुझं ठरलंय, फक्त घरी सांगायला कारण हवंय.

तर कारण असं. दिवसभर पाळणाघरात राहणारं मूल त्याच्या रोजच्या खाण्यातला मोठा वाटा तिथेच खातं, आणि तेही वाढीच्या सगळ्यात महत्त्वाच्या वर्षांत. तिथे काय द्यायचं, किती वेळाने द्यायचं, कसं द्यायचं हे कळणारं माणूस बहुतेक पाळणाघरांत नसतंच. मुलं सांभाळणाऱ्या बायका प्रेमळ असतात पण पोषण शिकलेल्या नसतात, आणि पोषण शिकलेले लोक चार्ट लिहून देतात पण बारा मुलांच्या रांगेसमोर कधी बसलेले नसतात. तुझ्याकडे दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या आहेत, म्हणून मी तुला डायटिशियन की पाळणाघर असा प्रश्न सोडून द्यायला सांगेन.

पगाराबद्दल मात्र बाबांना गुलाबी चित्र दाखवू नकोस. मदतनीसाचा पगार जवळपास कुठेही कमीच असतो, पाठ दुखते, सर्दी वर्षभर सोबतीला असते. पैसे वाढतात ते जबाबदारी वाढली की, म्हणजे मेनू ठरवणं, किचनवर देखरेख, स्टाफला शिकवणं, किंवा चार-पाच पाळणाघरांना मिळून पोषणाचा सल्ला देणं. स्वतःचं काढायचं ते त्यानंतर, आधी नाही.

आता तो मुलगा, मला खरं तर तुझ्या पत्रात तोच जास्त महत्त्वाचा वाटला.

पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते, ती कमी व्हायलाच हवी, आणि नेमक्या याच वयात मोठी माणसं घाबरून चमचा घेऊन मागे लागतात. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी यासाठी कामाची एक वाटणी सांगितली आहे, ती पाठच करून टाक. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने ठरवायचं. बस. मोबाईल लावून भरवताना आपण मुलाचं काम आपल्याकडे घेतो, मूल स्क्रीनकडे बघत तोंड उघडतं, पोट भरलंय हे त्याला कळतच नाही आणि उद्या मोबाईलशिवाय तोंडच उघडत नाही.

एक दिवस त्याला जेवताना नीट बघ. तोंड घट्ट मिटतो का, मान फिरवतो का, घास गालात धरून बसतो का, चमचा हाताने ढकलतो का. हे सगळं तो "बास" म्हणतोय. मग मागे जाऊन बघ की जेवणाच्या आधीच्या दोन तासांत त्याच्या पोटात काय गेलं. बरेचदा न जेवणाऱ्या मुलाच्या हातात अकरा वाजता दुधाची मोठी बाटली असते, वर दोन बिस्किटं असतात आणि बाराला आपण विचारतो हा जेवत का नाही! शिवाय दिवसभर दूधच पिणाऱ्या मुलांना लोह कमी पडतं हा वेगळा त्रास. दोन-तीन तासांच्या अंतराने ठरलेलं खाणं, मधे फक्त पाणी, इतर मुलांबरोबर बसवणं, साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी न रागावता ताट उचलणं, एवढं काही दिवस करून बघ. नवीन पदार्थ एकदा थुंकला म्हणजे आवडत नाही असं नसतं, आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावा लागतो.

आणि त्याच्या आईला खरं सांगायचं. "सगळं संपवलं" ऐवजी "अर्धी वाटी खाल्लं, फळ नको म्हणाला, पाणी भरपूर प्याला" असं लिहून द्यायचं. ती रात्री काय खायला घालायचं ते तुमच्या या निरोपावर ठरवते, निरोपच खोटा असेल तर ती बिचारी काय करणार. ताईंशी भांडू नकोस, त्यांच्यावर पालकांचं प्रेशर असतं, "आठवडाभर या एकाच मुलाचं मी लिहून ठेवते" असं त्यांना म्हण, नाही म्हणणार नाहीत. वजनाची रेषा ग्रोथ चार्टवर खाली घसरायला लागली, मूल सुस्त वाटलं किंवा प्रत्येक घट्ट घासाला ठसका लागत असेल तर पालकांना सांगून डॉक्टरकडे पाठवायचं, तिथे आपण निदान करत बसायचं नाही. या कामात आपली हद्द कुठे संपते हे माहीत असणं फार लागतं.

डिग्रीत तुला कॅलरी, प्रोटीन सगळं शिकवलं असेल, पण द्राक्ष कसं चिरायचं हे शिकवलं का? विचारतोय कारण हेच खरं पाळणाघरातलं काम आहे. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमकं लहान मुलाची श्वासाची वाट बंद होईल अशा मापाचं असतं, अडकलं की बुचासारखं बसतं. आडवं चिरलं तर गोल ते गोलच राहतं, म्हणून उभं चिरायचं आणि त्याचेही परत उभे तुकडे करायचे. कच्चं गाजर किसून किंवा मऊ शिजवून, अख्खे दाणे आणि सुकामेवा पाच वर्षांपर्यंत नाहीच, पॉपकॉर्न नाही. मूल बसूनच खाणार, पळता पळता नाही, आणि एक मोठं माणूस फक्त बघायला समोर असणार, कारण घशात पूर्ण अडकलं की आवाज येत नाही, मूल रडत नाही की खोकत नाही. वर्षाखालच्या बाळाला तेव्हा पाच वेळा पाठीवर थाप आणि पाच वेळा छातीवर दाब देतात, पोटावर कधीच नाही. पण हे वाचून येत नाही, फर्स्ट एडच्या वर्गातल्या सरावाच्या पुतळ्यावर हाताने करून बघावंच लागतं.

बाळांचे नियम थोडक्यात. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग वरचं खाणं सुरू, सोबत अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही. वर्षाच्या आत मध चाटवायचासुद्धा नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या एका जंतूच्या विषबाधेचा, धोका असतो. पावडरचं दूध निदान ७० अंश सेल्सिअस गरम पाण्यात कालवून मग पाजण्याइतकं गार करायचं, दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. कुठल्या मुलाला कसली अॅलर्जी आहे ते किचनमध्ये भिंतीवर दिसेल असं लावायचं, ऑफिसच्या फाइलमध्ये ठेवून काय उपयोग. अॅलर्जी होऊ शकेल असा नवीन पदार्थ पहिल्यांदा घरी, पालकांसमोर, मग आपल्याकडे.

माहिती कुठे शोधायची? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचं साहित्य फुकट आहे, तिथूनच सुरुवात कर. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या वरच्या खाण्याची २०२३ सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ग्रोथ चार्ट २००६ चे आहेत, आणि अन्न सुरक्षित ठेवायचे पाच नियम तर पोस्टरच्या स्वरूपात आहेत, ते छापून ओट्यावर लाव. स्वच्छता, कच्चं-शिजलेलं वेगळं, नीट शिजवणं, योग्य तापमान आणि सुरक्षित पाणी व कच्चा माल. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, यावरच निम्मी पाळणाघरं नापास होतील असं माझं मत आहे.

कुठलंही पान वाचताना दोन गोष्टी बघ, कधी लिहिलंय आणि पैसे कोणाचे. शेंगदाण्याचंच घे. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला होता की अॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊच नका, २००८ मध्ये तो मागे घेतला, आणि २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की अशा मुलांना पहिल्या वर्षातच तो योग्य रूपात, म्हणजे पेस्ट वगैरे करून, दिला तर अॅलर्जी खूप कमी होते. जुनं पत्रक अजून कुठेतरी फिरतच असणार. आणि बेबीफूड कंपनीचं चकचकीत बुकलेट किंवा फुकटचे डबे आले तर घेऊ नकोस, आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या मार्केटिंगवर १९८१ पासून आंतरराष्ट्रीय संहिता आहे, ती एकदा वाचून ठेव.

पुढचा प्लॅन मग असा. डिग्री पूर्ण कर, पाळणाघराचं काम सोडू नकोस, त्यानंतर बालविकासाचा एखादा डिप्लोमा, आणि त्याआधीच लहान मुलांच्या फर्स्ट एडचं आणि अन्न हाताळणीचं सर्टिफिकेट, ही दोन्ही थोड्या दिवसांत होतात. डिप्लोमाची फी भरण्याआधी मात्र विचार की प्रत्यक्ष मुलांबरोबर किती तास मिळतात, दोन वर्षांखालची मुलं त्यात आहेत का, जेवणाच्या वेळी विद्यार्थ्यांना बसू देतात का आणि शिकवणाऱ्यांपैकी कोणी पाळणाघर चालवलंय का. नुसतं ऑनलाइन व्हिडिओ आणि शेवटी एमसीक्यू असेल तर ते पैसे वाचव. बाबांना एखाद्या दुपारी जेवणाच्या वेळेला पाळणाघरात घेऊन जा, ताईंची परवानगी काढून, आणि तासभर बसव.