ऑनलाइन नोंद सापडत नाही? आधी जुना दाखला नीट वाचा

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी अशा कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तेव्हापासून घरोघरी जुने कागदही बाहेर निघू लागले आहेत. या महिन्यात त्याच विषयावरचे तीन प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आईचा जन्म डिसेंबर १९६१ मध्ये परळच्या एका प्रसूतिगृहात झाला. आजोबा तेव्हा गिरगावात राहत. हाती लिहिलेला दाखला घडीवर फाटला आहे. संगणकीय दाखल्यासाठी गिरगावच्या वॉर्डात अर्ज केला, तर नोंद नाही असं उत्तर आलं. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नोंद असण्याची शक्यता चांगली आहे, तुमचा वॉर्ड चुकला आहे. जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, घराच्या पत्त्यावर नाही. आजच्या रचनेत परळ एफ दक्षिण विभागात येतं, म्हणून अर्ज तिथल्या नागरी सुविधा केंद्रात करा. विभागाचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी हेच तिथले निबंधक असतात.

अर्जाआधी तो फाटका दाखला उजेडात धरून वाचा. नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख आणि शिक्क्यातलं विभागाचं नाव या तीन गोष्टी हव्यात. वही जन्मतारखेच्या क्रमाने नव्हे, नोंदणीच्या तारखेने चालते आणि क्रमांक दर जानेवारीत पुन्हा एकपासून सुरू होतो. त्यामुळे डिसेंबरअखेरचा जन्म १९६२ च्या वहीत असू शकतो. शोधाच्या अर्जात दोन्ही वर्षं लिहा. नुसतं १९६१ लिहिलं, तर तेवढीच वही उघडली जाईल.

दुसरी अडचण नावाची. रुग्णालयातून माहिती जायची तेव्हा बहुतेकदा बारसं झालेलं नसायचं, त्यामुळे जुन्या नोंदींत बाळाच्या नावाची जागा कोरी दिसते. शोध आईच्या नावाने नको, आजी-आजोबांच्या नावाने घ्या. नोंद सापडली आणि नाव कोरं असलं, तर कलम १४ खाली नाव घालता येतं. नियमात त्याची मुदत १५ वर्षं आहे, पण जुन्या नोंदींसाठी ती वेळोवेळी वाढवली गेली आहे. सध्या सवलत चालू आहे का, हे खिडकीवर विचारून मगच अर्ज भरा.

सगळं करूनही नोंद मिळाली नाही, तर तोंडी नकारावर परत येऊ नका. नमुना १० मधला अनुपलब्धता दाखला लेखी घ्या, कारण उशिराच्या नोंदणीची सुरुवात त्याच्यापासून होते. एका वर्षानंतरच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. आता तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा नेमून दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. २०२५ मध्ये राज्याने ही पडताळणी बरीच कडक केली, तेव्हा पुरावे भरपूर जोडा.

उपनगरांतल्या वाचकांसाठी एक गोष्ट : महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली ती १९५७ मध्ये. त्याआधी बोरिवलीत घरी झालेला जन्म पालिकेच्या वहीत शोधणं व्यर्थ आहे. तो गावच्या दप्तरात, गाव नमुना १४ मध्ये पाहायला हवा. यातली जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा जाणकार सोबत न्या.

प्रश्न : जुन्या दाखल्यावर माझी जन्मतारीख २१ आहे, नव्या संगणकीय दाखल्यावर २९ आली. आता कोर्टात जावं लागेल का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : बहुधा नाही. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. हस्तलिखित वहीवरून घाईत टंकताना २१ चे २९ होणं ही नेहमीची चूक आहे. आधी मूळ वहीतल्या त्या नोंदीची प्रमाणित प्रत मागा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

वहीत २१ असेल, तर चूक टंकलेखनाची. ती प्रत जोडून संगणकातली नोंद वहीप्रमाणे करून मागा. वहीतच २९ असेल, तर कलम १५ खाली अर्ज करावा लागतो. त्यासोबत लेखी पुरावा आणि वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं प्रतिज्ञापन लागतं. तेव्हाही मूळ शब्द खोडला जात नाही. दुरुस्ती समासात लिहून निबंधक सही करतात आणि तारीख घालतात.

कृपा करून एक करू नका. चूक निस्तरण्याचा सोपा मार्ग म्हणून दुसऱ्या ठिकाणी नवी नोंद करायला कोणी एजंट सुचवेल. एका जन्माच्या दोन नोंदी झाल्या, की पासपोर्टच्या वेळी दोन्ही संशयात येतात आणि एक रद्द करून घ्यायला पुन्हा खेटे सुरू होतात.

प्रश्न : डिजिलॉकरमध्ये दाखला ठेवला, आता कागद टाकून द्यायचा का? की लॅमिनेट करू? – एक वाचक, दादर

उत्तर : दोन्ही नको. डिजिलॉकरमध्ये ‘इश्यूड’ विभागात सरकारी खात्याकडून थेट आलेला कागदच मूळ प्रतीइतका धरला जातो. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला दाखला ही निव्वळ प्रत. संगणकीय दाखल्यावरचा क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून पाहा. उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यात संकेतस्थळाचं नाव, म्हणजे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेआधीचा भाग, ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपत नसेल, तर दाखला बनावट असू शकतो. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं आहेत, म्हणून हे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

लॅमिनेशनच्या उष्णतेने जुना कागद कडक होतो आणि प्लास्टिक नंतर सोडवता येत नाही. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदावर कायमचा डाग सोडतो. फाटलेला दाखला घड्या उलगडून सपाट ठेवा, ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा आणि मागची बाजू विसरू नका, कित्येकदा शिक्का तिथेच असतो. पावसाळ्यात लोखंडी कपाटाच्या तळाशी ओल धरते, तिथे ठेवू नका. वरच्या कप्प्यात, जाड वहीत दाबून ठेवा.