‘आत्महत्या हा गुन्हा आहे’ हे वाक्य बरोबर का?

रामबागेतल्या एका वाचकांनी विचारलंय, ‘आत्महत्या हा धारा ३०९ खाली गुन्हा आहे’ असं मराठीत लिहिलं तर चालेल का? (‘धारा’ राहू द्या. इंदुरात मराठी बोलतानाही कलमाची धारा होतेच.)

वाक्य आज चूक आहे आणि पूर्वीही चूकच होतं. १८६० च्या दंड संहितेत धारा ३०९ खाली गुन्हा होता तो आत्महत्येचा प्रयत्न, आत्महत्या नव्हे. मेलेल्यावर खटला कसा भरणार? एरवी बेत तडीस गेला तर शिक्षा मोठी, फसला तर कमी. इथे मात्र फसला तरच शिक्षा, एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

आत्महत्येला गुन्हा मानण्याचा विचार इंग्रजी कायद्यातला. तिथे आत्महत्या म्हणजे स्वतःचाच खून, आणि प्रजेच्या जिवावर राजाचाही हक्क. म्हणून मृताची मालमत्ता जप्त होई. ‘आत्महत्या’ शब्दातही हाच आरोप दडलाय, हत्या म्हटली की मारेकरी आलाच. ‘खुदकुशी’तलं ‘कुशी’ही मारणंच. ‘जीव देणे’, ‘जिवाचं बरंवाईट करून घेणे’ यांत मारेकरी कुणी नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्क येतो, तसा जगण्याच्या हक्कात न जगण्याचाही, असा युक्तिवाद होता. चटकदार, पण मला लंगडा वाटतो. गप्प बसलेला उद्या बोलू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कलम रद्द केलं खरं, पण १९९६ च्या ज्ञान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते पुन्हा वैध ठरवलं.

मग २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं. उलट सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ३०९ चं कलम उरलंच नाही. लोकसेवकावर दबाव आणायला केलेला प्रयत्न (कलम २२६) आणि दुसऱ्याला आत्महत्येस प्रवृत्त करणं (कलम १०८) हे मात्र गुन्हे आहेत.

तेव्हा ‘आत्महत्येचा प्रयत्न केला’ एवढंच लिहा. आणि इथल्या हिंदी पेपरातलं ‘मर्ग कायम’ उचलून ‘गुन्हा दाखल’ करू नका. त्याला मराठीत ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ म्हणतात.