प्रतिज्ञेतला शब्द न् शब्द मुलाला मराठीत सांगा

न्यू जर्सीहून एका आईचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "माझा सहा वर्षांचा मुलगा परवा देवघरासमोर उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून शाळेतली झेंड्याची प्रतिज्ञा घडाघडा म्हणू लागला. नाशिकहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी ते ऐकले आणि ते रात्री धड जेवलेही नाहीत. आम्ही आमचे मूल परक्या झेंड्याला वाहून टाकले का?" पत्रात आणखीही प्रश्न आहेत: प्रतिज्ञेतल्या देवाचे काय, ती म्हणणे सक्तीचे आहे का, आणि रविवारच्या मराठी शाळेत भारताची प्रतिज्ञा सुरू करावी का.

तुमची घालमेल मला समजते, कारण आपण सगळेच तिच्यातून गेलो आहोत. तरीही थोडे रागावूनच सांगते. तुमच्या दोन पानी पत्रात आजोबांना काय वाटले ते आहे, तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना काय वाटले तेही आहे. पण त्या शब्दांचा अर्थ मुलाला काय वाटतो, हे कुठेच नाही. ते त्याला कोणी विचारलेलेच दिसत नाही.

मीही विचारले नव्हते. माझी मुलगी बालवर्गात असताना तिच्या वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, त्यामुळे डब्यात चिक्की किंवा दाण्याची चटणी पाठवायची नाही, अशी सूचना आम्हाला आली होती. पुढे काही महिन्यांनी एके रात्री तिने अंथरुणातून विचारले, "आई, मला झेंड्याची ॲलर्जी आहे का? आम्ही रोज सकाळी तसे म्हणतो." 'अलीजन्स' हा शब्द तिने तसा ऐकला होता. इतके दिवस ती तो छातीवर हात ठेवून, अगदी मनापासून म्हणत होती आणि मी तिच्या उच्चारांचे कौतुक करत होते. त्या रात्रीपासून मी भेटेल त्या आईवडिलांना एकच गोष्ट सांगत आले आहे: पाठांतर झाले की अर्थ आपोआप येतो, ही आपली जुनी समजूत सोडा. आपल्यालाही तो आला नव्हता. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरची प्रतिज्ञा आपण वर्षानुवर्षे म्हटली, पण 'त्या परंपरांचा पाईक' म्हणजे कोण, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? पाईक म्हणजे धन्याशी एकनिष्ठ राहणारा शिपाई, हे मला कळले सोळाव्या वर्षी, वडिलांनी तुकोबांचे पाईकाचे अभंग वाचून दाखवले तेव्हा.

अमेरिकेची ही प्रतिज्ञा अवघ्या ३१ शब्दांची आहे, आणि त्यातले चार-पाच शब्द समजले की सगळी समजते. ते मराठीतच समजावून द्या, कारण अवघड इंग्रजी शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड इंग्रजी शब्दाने सांगितला, तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

'अलीजन्स' म्हणजे निष्ठा. हाच शब्द आपल्या प्रतिज्ञेतही आहे. देश आणि देशबांधव यांच्याशी निष्ठा राखण्याची प्रतिज्ञा आपण करत होतो. सहा वर्षांच्या मुलाला एवढे पुरे की, ज्यांच्यात आपण राहतो त्यांना आपण दगा देत नाही आणि अडचणीत सोडून जात नाही. 'रिपब्लिक' म्हणजे प्रजासत्ताक, जिथे राजा नसतो आणि कारभारी लोक निवडतात. आजोबांना २६ जानेवारीची गोष्ट सांगायला बसवा, म्हणजे हा शब्द घरचाच होईल.

'इंडिव्हिजिबल' म्हणजे अविभाज्य, ज्याचे तुकडे होत नाहीत असे. हा शब्द मात्र सावकाश घ्या. १८९२ साली फ्रान्सिस बेलामी यांनी ही प्रतिज्ञा लिहिली, तेव्हा देश दुभंगू पाहणारे यादवी युद्ध संपून तीस वर्षेही झाली नव्हती. हा शब्द त्या जखमेतून आला आहे. माझ्या मुलीला तो माझ्या सासऱ्यांनी समजावला. आमच्या गावी तिघा भावांच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या, बांध पडले आणि दोन भावांचे बोलणेही काही वर्षे बंद होते. पण सातबाऱ्यावर विहीर सामाईकच राहिली आणि तिचे पाणी पाळीपाळीने तिघांच्याही शेतांना जात राहिले. मामंजींनी तिला कागदावर तीन चौकोन आणि मधोमध एक गोल काढून दाखवला. ती बराच वेळ त्या गोलावर बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे कट्टी असली तरी पाणी सगळ्यांचे." मला याहून चांगला अर्थ आजवर सापडलेला नाही.

शेवटचा शब्द 'ऑल'. स्वातंत्र्य आणि न्याय सर्वांसाठी. 'सर्व' म्हणजे कोण कोण, त्यांची नावे मुलालाच घेऊ द्या: त्याच्या वर्गातला नवा मुलगा, ज्याला अजून इंग्रजी येत नाही तो, आणि जी मुलगी प्रतिज्ञेच्या वेळी बसून राहते तीसुद्धा. तशी मुलगी असू शकते, कारण सक्ती करता येत नाही, असे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ सालीच सांगितले आहे. भारतातही केरळमधल्या तीन मुलांनी राष्ट्रगीत म्हटले नाही म्हणून त्यांना शाळेतून काढले होते, तेव्हा १९८६ साली आपले सर्वोच्च न्यायालय त्या मुलांच्या बाजूने उभे राहिले. तुमच्या सक्तीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले.

आता परक्या झेंड्याचे. मूळ प्रतिज्ञेत 'माझा झेंडा' असे शब्द होते. बाहेरून आलेल्यांच्या मुलांच्या मनात जुन्या देशाचा झेंडा राहू नये, म्हणून १९२३ साली ते बदलून अमेरिकेचे नाव घालण्यात आले. तेव्हा हा पेच आपल्यापासून सुरू झालेला नाही. मी नागरिकत्वाची शपथ घेतली, तेव्हा जुन्या देशाची निष्ठा सोडल्याचे मोठ्याने म्हणावे लागले आणि घरी येऊन मी रडले. तो वियोग माझा होता आणि आजोबांचा आज तसाच आहे. पण तुमच्या मुलाने काहीही सोडलेले नाही. तो इथेच जन्मला आहे. आपले दुःख त्याच्या छातीवरच्या हातावर ठेवू नका.

देवाचा उल्लेख १९५४ साली घातला गेला. बेलामी स्वतः धर्मोपदेशक असूनही त्यांनी तो केला नव्हता. देवघरासमोर उभ्या राहणाऱ्या मुलाला त्या शब्दाची अडचण वाटणार नाही. मराठी शाळेत भारताची प्रतिज्ञा जरूर म्हणा, पण अर्थासकट.

आणि आजोबा परत जाण्यापूर्वी नातवाला त्यांच्याजवळ बसवा. त्याने त्यांना विहिरीचा गोल काढून दाखवावा आणि त्यांनी त्याला 'पाईक' सांगावा.