रस्ता फोडायच्या आधी 24 मे ही तारीख बघा

प्रश्न (दारव्हा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक): दापोली तालुक्यात समुद्राकडच्या डोंगरउतारावर आमचं लहानसं घर आहे. फाटकापासून घरापर्यंतचा सिमेंटचा गाडीरस्ता जुना झाला होता, म्हणून तिकडच्याच ठेकेदाराकडून फोडून नवा करून घेतला. लांबी 90 फूट, रुंदी 10 फूट. एस्टिमेटमध्ये 5 इंच जाडी, एम-20 ताकदीच्या ग्रेडचं काँक्रीट आणि 8 मिलिमीटर सळाखीची जाळी लिहिली होती. 2 लाख 60 हजार पूर्ण दिले. काम गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी 24 मे रोजी संपलं. त्याच जुलैच्या 9 तारखेला तडे दिसले आणि मग खालचा 30 फुटांचा भाग खचून सरकला. ठेकेदार ‘पाऊस उघडला की करून देतो’ म्हणत राहिला, त्यात दोन पावसाळे गेले. आता एप्रिलमध्ये दुसऱ्याकडून सगळं उखडून नवा रस्ता करायचा आहे. पैसे परत मिळतील का? केस करायला रत्नागिरीला जावं लागेल का?

उत्तर: गुरुजी, एप्रिलमध्ये काहीही उखडू नका. आधी तक्रार दाखल करा आणि ती 24 मे उजाडायच्या आत करा.

अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात. कुठे शेततळ्याचं प्लास्टिक फाटलेलं असतं, कुठे गोठ्याचा कोबा उचललेला असतो, कुठे गच्चीचं वॉटरप्रूफिंग एका पावसात वाहून गेलेलं असतं. काम किती वाईट झालं यावर दोन पानं असतात आणि तारीख कुठेतरी कोपऱ्यात एका ओळीत. पैसे परत मिळणार की नाही हे मात्र त्या ओळीवर ठरतं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. ती मुदतीत आहे की नाही हे ग्राहक आयोगाला स्वतःहून तपासावं लागतं. समोरच्याने मुद्दा काढला नाही म्हणून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आता दोन वर्षं कुठून मोजायची? तडे दिसले त्या 9 जुलैपासून, असं म्हणता येतं, आणि ते म्हणणं पटण्यासारखंही आहे. पण ठेकेदाराचा वकील काम संपल्याच्या तारखेपासूनच मोजणार. दीड महिन्याच्या फरकासाठी सगळं प्रकरण पणाला लावायचं काही कारण नाही. 24 मे पासून मोजा. एप्रिल संपायच्या आत दाखल झाली तर हा वादच उरत नाही.

ठेकेदाराच्या मेसेजमुळे मुदत वाढली असं कृपया समजू नका. ‘दिवाळीनंतर येतो’, ‘माणसं मिळाली की करतो’ अशा आश्वासनांनी एकदा सुरू झालेली मुदत थांबत नाही. तुम्ही दोन पावसाळे थांबलात, एकही रजिस्टर पत्र पाठवलं नाही, आणि खचलेल्या भागाचा पहिला फोटो काढलात तो सरकल्यानंतर सात महिन्यांनी. पुढच्या वाचकांनी तरी हे टाळावं म्हणून स्पष्ट लिहितो. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण ‘ठेकेदार करतो म्हणाला होता’ हे कारण पुरेसं ठरेलच याची खात्री मी देणार नाही. मुदत हातात असताना त्या वाटेला जाऊच नका.

रत्नागिरीला जायची गरज नाही. 2019 च्या कायद्यात कलम 34 खाली तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार चालते, म्हणजे तुमच्यासाठी यवतमाळ. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्यामुळे शुल्क लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरी बसूनही दाखल करता येते. मात्र पोर्टलवर मसुदा भरून ठेवणं म्हणजे दाखल करणं नव्हे. दाखल झाल्याचा क्रमांक आणि तारीख दिसेपर्यंत काम झालं असं धरू नका. कागद अपुरे म्हणून परत आले तर ते त्याच आठवड्यात पूर्ण करा.

आता रस्ता का फोडायचा नाही ते. तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार तोच आहे. तो उखडून ट्रॉलीत भरला की उरतात तुमचे फोटो आणि ठेकेदाराचं तोंडी म्हणणं.

तुमच्या पाकिटात सिमेंटच्या दुकानाचं एक चलान आहे. तुम्ही ते पत्त्यासाठी जोडलंय, पण खरं बोलणारा कागद तोच आहे. त्यावर 54 बॅगा लिहिल्या आहेत. हिशेब असा: 90 गुणिले 10 म्हणजे 900 चौरस फूट. 5 इंच जाडीला 375 घनफूट, म्हणजे साधारण 10.6 घनमीटर काँक्रीट. एम-20 ला घनमीटरमागे साधारण 8 बॅगा धरल्या तर 85 च्या आसपास बॅगा हव्यात. 54 बॅगांत नीट मालाचं काँक्रीट पावणेसात घनमीटर होतं आणि 900 चौरस फुटांवर पसरलं तर जेमतेम सव्वातीन इंच भरतं. म्हणजे एक तर जाडी कमी आहे, नाहीतर माल कमजोर आहे. आणखी बॅगा दुसऱ्या दुकानातून आणल्या असं ठेकेदार म्हणेल. मग त्याची पावती त्याने दाखवावी.

खचलेल्या भागाच्या कडेला स्टीलची फूटपट्टी उभी धरून फोटो काढा. पट्टीवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. तुटलेल्या कडेला सळाख दिसत असेल तर ती वरून किती खाली आहे तेही मोजा. जाळी बहुतेक ठिकाणी मातीवर लोळत पडलेली सापडते, कारण तिला उचलून धरणारे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, खाली ठेवलेले नसतात. तशी जाळी तडा धरून ठेवत नाही, नुसती गंजते.

फोटोंवर भागणार नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून कोअर, म्हणजे काँक्रीट कापून काढलेले गोल नमुने, काढून घ्या. भारतीय मानक 456 प्रमाणे कमीत कमी तीन कोअर लागतात. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या 85 टक्क्यांच्या खाली किंवा कुठल्याही एकाची 75 टक्क्यांच्या खाली गेली, तर काँक्रीट नापास. एम-20 साठी हे आकडे 17 आणि 15 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर होतात. नुसती हातोडी मारून आकडा देणारी रिबाउंड चाचणी स्वस्त पडते, पण ती अंदाजापुरती. तिच्यावर केस उभी करू नका. एक कोअर चांगल्या दिसणाऱ्या वरच्या भागातूनही घ्या, नाहीतर ‘मुद्दाम खराब जागा निवडली’ हे ऐकावं लागेल.

पण हे सगळं ठेकेदाराच्या पाठीमागे करू नका. त्याला स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवर नोटीस द्या: अमुक तारखेला, अमुक वाजता पाहणी आणि कोअर काढणं आहे, हजर राहा किंवा तुमचा अभियंता पाठवा. किमान पंधरा दिवस आधी द्या. तो आला नाही तर दोन स्थानिक साक्षीदारांसमोर पंचनामा करा आणि ‘नोटीस देऊनही गैरहजर’ असं त्यात लिहा. तक्रारीसोबतच आयोगातर्फे जागेची पाहणी करणारा आयुक्त नेमण्याचा अंतरिम अर्जही द्या. आयोगाने वेळेत नेमला तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर पावसाळा अंगावर घेऊ नका. गाडी जाणारच नसेल तर पाहणी झाल्यावर खालचे 30 फूट दुरुस्त करा आणि वरचा भाग, निदान 10 फुटांचा एक तुकडा, जसाच्या तसा राहू द्या.

फोन बदलायचा विचार असेल तर थांबवा. मेसेजच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नाही, तरी जोडा.

ठेकेदार पावसाकडे बोट दाखवेल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथेच आयुष्य काढलेल्या ठेकेदाराला तो अनपेक्षित होता असं म्हणता येत नाही. आपल्याकडे काळी माती फुगून कोबा उचलते, तिकडे उतारावरचं पाणी स्लॅबखाली शिरून भराव धुतं आणि खाली टेकू नसला की स्लॅब घसरते. डोंगराच्या बाजूला गटार आणि खालच्या टोकाला जमिनीत उतरलेलं आडवं बीम, दोन्ही त्याच्या एस्टिमेटमध्ये नाहीत. हा मुद्दा मात्र अभियंत्याच्या अहवालात आला पाहिजे. वकिलाने तक्रारीत लिहिला तर त्याला वजन येत नाही.

एस्टिमेटच्या मागे एक वर्षाची गॅरंटी लिहिली आहे, ती संपल्याचं तो सांगेल. दोष दोन महिन्यांत दिसला, त्यामुळे त्यात फार दम नाही. तुमचं 50 हजार रोख दिल्याचं म्हणणं कागदावर कुठेच नाही. यूपीआयचे 2 लाख 10 हजार सिद्ध होतील, उरलेल्यासाठी त्याच्या मेसेजमध्ये ‘हिशेब पूर्ण झाला’ अशी कबुली आहे का ते शोधा.

दिवाळीच्या सुट्टीत दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देता असं तुम्ही सहज लिहून गेलात. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याबाहेर पडते. वर्षातले थोडे दिवस खोल्या दिल्याने घरचा रस्ता व्यापारी ठरेल असं मला वाटत नाही, पण हा आक्षेप येऊ शकतो. तक्रारीत घर मुख्यतः कुटुंबासाठी आहे हे खरं तेवढंच लिहा आणि भाड्याची गोष्ट लपवू नका.

मागणी करताना जुन्याच मोजमापाचा रस्ता आज पुन्हा करायला लागणारा खर्च मागा: फोडणं, राडा उचलणं आणि नवं काँक्रीट. त्यासाठी दोन-तीन लेखी दरपत्रकं जोडा. नव्याने घालायची गटार किंवा जास्त ताकदीचं काँक्रीट याचा वाढीव खर्च त्याच्या माथी मारता येईलच असं नाही, म्हणून तो वेगळा दाखवा.

निकालाला किती वेळ लागेल, असंही विचारलंत. कायद्यात तीन महिने आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिने अशी अपेक्षा लिहिलेली आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात. रिकामी पदं आणि तारखांवर तारखा यात सामान्य माणूस भरडला जातो याची मला चीड आहे. एक गोष्ट मात्र ठाम आहे: उत्तर द्यायला ठेकेदाराला 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15. त्यापुढे मुदत देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवून दिलं आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी त्याचं उत्तर घेतलं जात असेल तर तुमच्या वकिलाने तिथेच हरकत नोंदवावी.

24 मे हातून निसटलाच तर दिवाणी दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, पण तो बहुधा तिकडच्या कोर्टात चालेल आणि कोर्ट फी भरावी लागेल.

नव्या कामाबद्दल थोडं. घर भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. आहे त्या मापात दुरुस्तीला सहसा अडचण येत नाही, पण रुंदी वाढवणं किंवा नवी संरक्षक भिंत याआधी ग्रामपंचायतीत आणि नियोजन प्राधिकरणाकडे लेखी विचारा. किनाऱ्यावरच्या सळाखीच्या काँक्रीटला मानक 456 एम-30 आणि सळाखीवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगतं. एम-30 घमेल्याच्या मापाने होत नाही, त्याला मिक्स डिझाइन, म्हणजे चाचणीने ठरवलेलं मिश्रणाचं प्रमाण, लागतं. करारात हे लिहून घ्या: भराव थर देऊन धुमसणं, काँक्रीट खालून वर चढवत ओतणं, दर 10-12 फुटांवर जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका सांधा दुसऱ्या दिवसाच्या आत कापणं, घसरू नये म्हणून आडव्या खाचा, आणि 14 दिवस पोती ओली ठेवणं. आणि 10 टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवण्याचं कलम, दोघांच्या सहीने.

नोटिशीचा मसुदा या आठवड्यात करा. पाहणीची तारीख एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा, म्हणजे कोअरचा अहवाल महिनाअखेरीस तक्रारीला जोडता येईल. अहवालाला उशीर झाला तर तक्रार अडवून ठेवू नका. अहवाल नंतर जोडण्याची परवानगी मागून ती आधी दाखल करा.