रकान्यात खूण केली, पुढे काय?

ताई, तुम्ही विचारलंय की तुमच्या दृष्टिहीन बहिणीने दूरशिक्षणाच्या प्रवेश अर्जात 'दिव्यांग' रकान्यात खूण केली आहे, तेवढं पुरेल का? नाही पुरणार. ती नोंद बहुतेकदा प्रवेश विभागातच राहते. पुस्तकं तयार करणारे वेगळे, परीक्षा घेणारे वेगळे. समोर वर्ग नसतो, त्यामुळे तिची अडचण कुणाच्या नजरेलाही पडत नाही. प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात या सगळ्यांना लेखी कळवा.

प्रमाणपत्र जोडाच, पण अंधत्वाची टक्केवारी वाचून समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. 'मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून अभ्यास करते, मला टाइप केलेल्या मजकुराची फाइल लागते' असं लिहिलं की कळतं.

मी स्वतः दृष्टिहीन आहे, दोन अभ्यासक्रम घरून पूर्ण केले. सगळे परीक्षेतल्या जादा वेळेचं आधी विचारतात. माझं पहिलं वर्ष मात्र पुस्तकांपायी अडलं. पीडीएफ उघडली, एनव्हीडीए हा माझा स्क्रीन रीडर सुरू केला, तर तो म्हणाला, दस्तऐवज रिकामा आहे. पानं भरपूर होती, पण प्रत्येक पान म्हणजे नुसता फोटो. फाइल आली की त्यातली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. ओळ निवडलीच जात नसेल, तर ते स्कॅन आहे. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. पानावर मराठी स्वच्छ दिसते आणि स्क्रीन रीडर तो गोंधळ वाचत बसतो. युनिकोडमधली वर्ड फाइल किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल) मागा. घरी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, जमतं, पण तक्ते आणि सूत्रं त्यात हमखास मोडतात. कुणी कॉपीराइटचं कारण दिलं तर २०१३चा माराकेश करार दाखवा. दृष्टिहीनांसाठी सुलभ प्रत काढता यावी म्हणून कायद्यात सूट ठेवणं सदस्य देशांवर बंधनकारक आहे.

आता परीक्षा. जादा वेळ मंजूर झाल्याचं पत्र माझ्या हातात होतं, तरी ऑनलाइन पेपर सगळ्यांबरोबरच बंद झाला. सिस्टीममध्ये माझ्या नावापुढे वेळ वाढवायची राहून गेली होती. राहिलेले दोन्ही प्रश्न मला येत होते, त्याचं आजही वाईट वाटतं. त्यामुळे तिच्याच लॉगिनवर सराव चाचणी मागा आणि घड्याळ किती मिनिटं दाखवतंय ते बघा. उत्तर ओढून जागेवर ठेवायचे प्रश्न कीबोर्डने सोडवता येतात का, निगराणीचं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडर चालू देतं का, तेही तेव्हाच कळेल. लेखनिक घेणार असाल तर विषयातली चिन्हं ओळखणारा हवा, आणि आधी दोनदा तरी एकत्र सराव करा.

तुमच्या भाच्याला ऐकू कमी येतं म्हणालात. त्याच्यासाठी व्हिडिओचा लेखी मजकूर मागा. आपोआप येणारी कॅप्शन्स नेमकी पारिभाषिक शब्दांवर चुकतात.

पत्राचा कच्चा मसुदा तयार झाला की पाठवा, नावगाव काढून. मी वाचून सांगते.