गोल्डफिशनी काचेवर अंडी चिकटवली आहेत, पिल्लं कशी वाढवू?

तुम्ही लिहिलंय की तीन फुटी टँकमध्ये पाच गोल्डफिश आहेत, सकाळपासून त्यातले दोन एकाच्या मागे हात धुऊन लागले होते आणि आता काचेवर, फिल्टरच्या नळीवर, झाडांवर मोहरीएवढे पिवळसर दाणे चिकटलेत. ही अंडी आहेत का, पिल्लं कशी वाढवायची आणि पुढे विकता येतील का, असे तुमचे तीन प्रश्न.

हो, अंडीच आहेत. पुढचं वाचण्याआधी एक काम उरका: अंडी आणि मोठे मासे वेगळे करा. अंडी घालून झाली की तेच आईबाप उलटे फिरून ती वेचून खायला लागतात. संध्याकाळपर्यंत थांबलात तर काचेच्या कोपऱ्यातली चार-दोन उरतील. झाडं अंड्यांसकट उचला आणि पसरट टबमध्ये ठेवा. टबात पाणी त्याच टँकमधलं घ्या, वीतभर खोल पुरे. काचेवरची अंडी पात्याने खरवडू नका, फुटतात. ती सोडून द्या. झाडांवर आहेत तेवढीच तुम्हाला डोईजड होणार आहेत.

डोईजड का, ते सांगते, कारण माझ्या मते गोल्डफिशच्या बाबतीत सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट हीच आहे. चांगली पोसलेली मादी एका वेळी काहीशेपासून दोन-तीन हजारांपर्यंत अंडी सोडते. गोल्डफिश म्हणजे गप्पी नव्हे. तो वीतभर वाढतो, नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो आणि मोठेपणी एकेकाला निदान चाळीस लिटर पाणी लागतं. वीस मासे धरले तरी आठशे लिटर होतात, म्हणजे गच्चीवरची जवळजवळ एक अख्खी टाकी. म्हणून आजच ठरवा की तीन महिन्यांनी आपल्याकडे किती मासे हवेत. त्याच्या आठ-दहा पट अंडी ठेवा, बाकीची मोठ्या माशांनाच खाऊ द्या. ऐकायला कठोर वाटतं, पण पाचशे पिल्लं एका टबात कोंबून पंधराव्या दिवशी सगळीच घाण पाण्यात गमावणं त्याहून वाईट.

आता अंड्यांचं. फळलेलं अंडं पारदर्शक, फिकट मधाच्या रंगाचं राहतं. न फळलेलं एका दिवसात दुधी पांढरं होतं, मग त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवरही पसरते. पांढरी दिसतील तेवढी ड्रॉपरने किंवा चिमट्याने रोज काढा. दुकानात मिथिलीन ब्ल्यूची बाटली मिळते. टबचं पाणी फिकट आकाशी दिसेल एवढंच घाला, शाईसारखं गडद करू नका. हे औषध मुख्य टँकमध्ये ओतू नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. एअर स्टोनमधून (हवेच्या नळीच्या टोकाला लावायचा सच्छिद्र दगड) बारीक बुडबुडे येऊ द्या. पाणी हलतं राहायला हवं, घुसळायला नको.

अंडी किती दिवसांत फुटतील ते पाण्याच्या तापमानावर ठरतं. वीस-बावीस अंशाला चार-पाच दिवस, पंचवीसच्या आसपास तीन दिवस. तीस अंशाच्या वर गेलं तर दोन दिवसांत फुटतात, पण अशा घाईत वाकड्या पाठीची, अर्धवट शेपटीची पिल्लं जास्त निघतात. म्हणून टब उन्हात ठेवू नका, हिटरही लावू नका. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी घरातलं साधं पाणी पुरेसं उबदार असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंड्यात दोन काळे ठिपके दिसतील, ते डोळे. ते दिसले की समजा जमलं.

फुटल्यावर पिल्लं पाच मिलिमीटरच्या काचेच्या सुईसारखी दिसतात आणि दोन-तीन दिवस काचेला, झाडाला नुसती लटकून राहतात. बरेच जण इथे घाबरतात आणि खायला टाकतात. टाकू नका. पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते, तिच्यावर त्यांचं भागतं. आपण टाकलेलं तळाला सडतं. या दिवसांत त्यांचं एकच महत्त्वाचं काम असतं: वर येऊन हवेचा एक घोट घेणं. त्या हवेने पोटातला हवेचा फुगा भरतो आणि मग ती आडवी, सरळ पोहू लागतात. पाण्यावर तेलकट साय असेल तर ज्यांचा घोट चुकतो ती पुढे तळाशी पोटावर सरपटत राहतात, सुधारत नाहीत. वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर अलगद टेकवून उचलला की साय निघते. पाणी वीतभरच ठेवा म्हणाले त्याचं कारणही हेच, पिल्लाला वरपर्यंत यायला अंतर कमी पडतं.

पिल्लं आडवी पोहू लागली की खरं काम सुरू होतं, आणि ते म्हणजे खाणं. दुकानदार तुम्हाला ‘फ्राय फूड’ची पावडर देईल. ती अडीअडचणीला ठीक. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून देण्याची जुनी रीतही चालते, पण दोन थेंब जास्त झाले की रात्रीतून पाणी नासतं आणि सकाळी टब रिकामा. माझा भरवसा ताज्या फुटलेल्या आर्टेमियावर आहे. ही खाऱ्या पाण्यातली कोळंबीसारखी बारीक जात. तिची सुकी अंडी पाकिटात किंवा डब्यात मिळतात, महाग असतात, पण अर्धा चमचा एका वेळेला पुरतो. उरलेली हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.

करायचं असं. कोल्ड्रिंकची मोठी बाटली बुडाकडून कापा आणि उलटी टांगा. त्यात एक लिटर पाणी आणि पंचवीस ग्रॅम जाडं मीठ घाला, हवेची नळी थेट बुचापर्यंत खाली सोडा आणि पंप जोरात चालू ठेवा. अर्धा चमचा अंडी टाका, वर एक दिवा लावा. सव्वीस-अठ्ठावीस अंशाला चोवीस तासांत फुटतात, थंडीत छत्तीसपर्यंत लागतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी जिवांचा ढग खाली जमतो. तो बारीक नळीने ओढून जुन्या सुती रुमालावर गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि मगच टबात घाला. चहाची गाळणी इथे चालत नाही, सगळं निसटून जातं. टरफलं जमतील तेवढी बाहेर ठेवा, पिल्लांच्या आतड्यात अडकतात. फुटल्याच दिवशी खाऊ घाला, कारण एक दिवस उपाशी राहिलेल्या आर्टेमियात सत्त्व फारसं उरत नाही. गोड्या पाण्यात ती काही तासच जिवंत राहते, तेव्हा एकदम मूठभर टाकण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी द्या. भिंग लावून बघा, खाल्लेल्या पिल्लाचं पोट नारिंगी दिसतं. सगळ्यांची पोटं नारिंगी असतील तर तुमचं बरं चाललंय. नोकरीवर जाणाऱ्यांना दुपारची वेळ जमत नाही, त्यांनी सकाळी, आल्यावर आणि झोपताना दिलं तरी पिल्लं वाढतात, जरा सावकाश एवढंच.

डॅफ्निया किंवा मोइना (गोड्या पाण्यातले पिसवेएवढे बारीक जीव) जमली तर उत्तम. गच्चीवर एका टबात पाणी हिरवं होऊ दिलं की त्यात त्या छान वाढतात. पण टबावर बारीक जाळी घट्ट बांधा. उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि डेंग्यूच्या मोसमात महापालिकेची माणसं पिंपं तपासत फिरतात, त्यांना तुमचा छंद समजावून सांगता येत नाही. जाळीचा दुसरा फायदा म्हणजे चतुर. पावसाळ्यात चतुर उघड्या टबात अंडी घालून जातात आणि त्यांच्या अळ्या गोल्डफिशची पिल्लं एकेक करून फस्त करतात. ट्यूबिफेक्स मात्र इतक्या लहान पिल्लांना देऊच नका, गटाराच्या कडेला वाढलेली ती कृमी रोग घेऊन येते.

पाणी. इतकं खाणं म्हणजे तितकीच घाण, आणि अमोनिया पिल्लांना मोठ्यांपेक्षा लवकर मारतो. रोज पाव भाग पाणी बदला. एअर पंपच्या बारीक नळीने तळ ओढा आणि नळीच्या तोंडाला कापड बांधा, नाहीतर पिल्लं बादलीत जातात. नवं पाणी नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवलेलं किंवा अँटिक्लोरीन घातलेलं आणि टबातल्याच तापमानाचं घ्या. बोअरचं जड पाणी गोल्डफिशला चालतं, त्याची चिंता नको. फिल्टर फक्त स्पंजचा लावा, मोटरचा फिल्टर पिल्लं आत ओढून घेतो. स्पंज नवाकोरा नको, मोठ्या टँकमध्ये काही आठवडे चाललेला असेल तर त्यात जिवाणू आधीच तयार असतात.

दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं सेंटिमीटरभर होतात आणि निवड करायची वेळ येते. वरून पाहा. वाकड्या पाठीची, न पोहणारी, तोंड नीट न उघडणारी आधी बाजूला काढा. आईबाप ओरांडा किंवा रियुकिनसारखे दुहेरी शेपटीचे असतील तरी त्यांच्या पोटी एकेरी शेपटीची पिल्लं निघतातच. ती जोमाने वाढतात आणि बाकीच्यांचं खाणं पळवतात, म्हणून त्यांना वेगळा टब द्या. तुमचे पाच मासे एकाच जातीचे नसतील तर संकर निघेल. एक ओरांडा आणि एक ब्लॅक मूर यांच्या पिल्लांत ना नीट डोक्यावरचा मुकुट ना नीट टपोरे डोळे, असंच बहुतेकदा होतं. सांभाळायला ती छानच असतात, फक्त जातिवंत म्हणून कुणाला देऊ नका. आणि जास्तीची पिल्लं तळ्यात, नदीत, देवळाच्या कुंडात सोडू नका. गोल्डफिश तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, स्थानिक माशांची अंडी खातो आणि आपल्या टबातले रोग तिकडे पोचवतो.

रंगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण महिन्याभराने विचाराल म्हणून आत्ताच सांगते. पिल्लं सगळी मळकट हिरव्या-तपकिरी रंगाची दिसतील. ते बरोबर आहे. दोन-तीन महिन्यांत आधी ती आणखी काळवंडतात, मग पोटाकडून केशरी रंग वर चढायला लागतो. काहींना वर्ष लागतं, काही कधीच बदलत नाहीत. हिरव्या पाण्यात आणि थोड्या उन्हात वाढलेल्यांचा रंग मला नेहमी जास्त पक्का वाटतो.

आईबापांकडेही लक्ष द्या. पाठलागात मादीचे खवले निघतात, पर फाटतात. नर तिला अजूनही ढुशा देत असतील तर मध्ये जाळी टाका. नर ओळखायला सोपे: कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काडीवर पांढऱ्या बारीक पुटकुळ्या असतात. लोक त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून औषध घालतात. रोगाचे ठिपके अंगभर आणि शेपटीवरही येतात, यावरून फरक करा. गाभोळी भरलेली मादी वरून पाहिली की एका बाजूला जास्त फुगलेली दिसते. पुढच्या वेळी मुद्दाम करायचं असेल तर संक्रांत ते होळी हा काळ धरा. पंधरा दिवस नर-मादी वेगळे ठेवून चांगलं खाऊ घाला, मग संध्याकाळी दोन नर आणि एक मादी अशी जोडणी करून थोडं गार पाणी घाला. टबात जलपर्णी सोडलीत तर तिच्या मुळांत अंडी छान चिकटतात. मात्र नदीतून आणलेली जलपर्णी आधी पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुचकळून काढा, नाहीतर मुळांतून गोगलगायी आणि हायड्रा (पिल्लांना पकडणारा बारीक जीव) येतात.

शेवटचा प्रश्न विक्रीचा. विकता येतील, पण हिशेबात धरू नका. कोलकात्याच्या आसपास आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात रंगीत माशांची पैदास मोठ्या प्रमाणावर होते आणि तिथला माल ज्या भावाने दुकानात पोचतो त्या भावात तुमचा आर्टेमियाचा डबासुद्धा निघणार नाही. जवळचा दुकानदार दोन इंचांची, रंग आलेली पिल्लं घेतो. पैशांऐवजी खाणं, औषध, स्पंज असा माल घ्या, त्यात दोघांचाही फायदा होतो. रंग न आलेली कुणी घेत नाही, म्हणजे तोवर तीन-चार महिने ती तुमच्याच पाण्यात राहणार, हे धरूनच टबात किती अंडी ठेवायची ते ठरवा.