नाव आठवत नाही, पण मागे एक छोटा त्रिकोण होता

प्रश्न : माझे बाबा 1991 ते 1993 या काळात शिकायला अमेरिकेत, कोलोरॅडोमध्ये होते. तिथे त्यांनी सेकंडहँड माउंटन बाइक घेतली होती, ती परतायच्या आधी चोरीला गेली. आता त्यांची साठी आहे आणि आम्हा भावंडांना तशीच सायकल शोधून त्यांना द्यायची आहे. त्यांना आठवतं ते असं : रंग काळपट, 21 गियर, गियर बदलायला अंगठ्याने दाबायची दोन बटणं, सीटखाली एक जादाचा छोटा त्रिकोण, आणि नावात ‘आपल्याकडचा कुठलासा डोंगर’. कंपनी मात्र शिमानो होती असं ते ठामपणे सांगतात. पावती नाही. एकच फोटो आहे, त्यात सायकल भिंतीला टेकवलेली दिसते, अक्षरं वाचता येत नाहीत. एवढ्यावरून काही कळेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बरंच कळेल. बाबांना इंटरनेटवरचे फोटो अजून दाखवले नसतील तर इतक्यात दाखवूच नका. दहा सायकली पाहिल्या की अकराव्या वेळी माणूस पाहिलेल्यांपैकीच एखादी ‘आठवतो’, आणि मूळ आठवण पुसली जाते. आधी कागद-पेन घेऊन त्यांच्याशी बोला आणि ते म्हणतील ते शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा.

‘कशी दिसायची’ यापेक्षा ‘काय करायचात’ हे विचारा, कारण हातांना जास्त आठवतं. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला होता? अमेरिकेत विकलेल्या सायकलींना तो डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. बाबा ‘डाव्या’ म्हणाले तर ते त्याच सायकलबद्दल बोलताहेत, कॉलेजातल्या इथल्या सायकलीची सरमिसळ झालेली नाही. हवा कुठे भरायचे? पेट्रोल पंपावर गाडीसारखीच भरत असतील तर व्हॉल्व्ह मोटारीचा होता. आपल्या जुन्या सायकलींच्या रबरी व्हॉल्व्ह ट्यूबला तसं जमत नाही. सीटची उंची पान्याशिवाय, खटका उघडून बदलता यायची का, हेही विचारा.

आता बाबांनी सांगितलेल्या खुणा पाहू. शिमानो ही जपानी कंपनी गियर, ब्रेक, क्रँक (पेडलचे दांडे) बनवते, सायकल नाही. तिचं नाव क्रँकवर, ब्रेकवर, मागच्या गियरवर असं चार ठिकाणी असतं, म्हणून तेच लक्षात राहतं. ही चूक फार जणांची होते, तेव्हा बाबांशी वाद घालू नका.

21 गियर म्हणजे पुढे 3 आणि मागे 7 चक्रं. ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात 15 गियर असत, मग 18 आले. साधारण 1989 पासून चांगल्या सायकलींना 21, आणि 1994 च्या आसपास 24. स्वस्त सायकली या क्रमात मागे राहतात, म्हणून नुसत्या गियरवरून वर्ष ठरवता येत नाही. पण दोन्ही बटणं अंगठ्याने दाबायची, ही खूण अगदी नेमकी आहे. शिमानोच्या पहिल्या ‘रॅपिडफायर’ची ती रचना, आणि ती मुख्यतः 1990 ते 1992 च्या मॉडेलांवर दिसते. त्याआधी हँडलच्या वर अंगठ्याने फिरवायचा खटका होता, त्यानंतर एक कळ अंगठ्याला आणि दुसरी तर्जनीला आली. बाबांना रिकाम्या हवेत गियर बदलून दाखवायला सांगा. तर्जनी हलली तर वर्ष पुढे सरकवा.

जादाचा त्रिकोण ही कॅलिफोर्नियातल्या जीटी कंपनीची ओळखच आहे. इतर सायकलींत मागच्या चाकाकडून वर येणाऱ्या दोन बारीक नळ्या सीटच्या नळीवर संपतात. जीटीच्या नळ्या सीटच्या नळीला दोन्ही बाजूंनी ओलांडून पुढच्या आडव्या दांडीला जोडलेल्या असतात आणि तिथे तळहाताएवढा त्रिकोण तयार होतो. डोंगराचं नावही जुळतं. जीटीच्या एका मॉडेलचं नाव चक्क ‘काराकोरम’ होतं. तेव्हा आमचं मत : जीटी काराकोरम, 1990 ते 1992. बाबांच्या तोंडून हे नाव आपोआप निघतं का ते पाहा. त्यांच्यासमोर टिंबरलाइन, टकेस्टा, अव्हलांच, काराकोरम अशी चार नावं ठेवा, आणि काराकोरम पहिलं सांगू नका.

रंग सगळ्यात शेवटी विचारात घ्या. कंपन्या दरवर्षी रंग बदलत, त्यामुळे मॉडेल ठरल्यावर नेमकं वर्ष निवडायला रंगाचा उपयोग होतो. जुन्या वार्षिक कॅटलॉगांच्या प्रती स्कॅन केलेल्या मिळतात, त्यांतली 1990, 1991 आणि 1992 ची पानं शेजारी ठेवून पाहा. कॅटलॉगातलं वर्ष आधीच्या वर्षाच्या शेवटी सुरू होतं, हे तेव्हा लक्षात असू द्या.

फोटोतून फ्रेमचं माप काढता येईल. 26 इंची माउंटन बाइकच्या रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास 559 मिमी. दोन्ही बाजूंच्या टायरचे मिळून सुमारे 100 मिमी धरा, म्हणजे चाक सुमारे 66 सेंमी. फोटोत चाक 33 मिमी भरलं तर फोटोतला 1 मिमी म्हणजे खरे 2 सेंमी. मग पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजा. 22 किंवा 23 मिमी भरलं तर 44 ते 46 सेंमी, म्हणजे ढोबळमानाने 18 इंची फ्रेम. फोटोत चाक अंडाकृती दिसत असेल तर त्याची उभी उंचीच धरा, आडवी धरली की माप चुकतं. सायकल भिंतीला टेकून तिरकी असल्याने सेंटिमीटरभर फरक गृहीत धरा.

प्रश्न : जुनी सायकल ‘अगदी ओरिजिनल’ म्हणून विकतात. घेण्याआधी काय तपासावं? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : विकणाऱ्याकडून तीन फोटो मागवा : सायकल उलटी करून पेडलच्या आसाच्या नळीखालचा नंबर, क्रँकची मागची बाजू आणि ब्रेकच्या हातांची मागची बाजू.

शिमानोच्या जुन्या भागांवर मागे दोन बारीक अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं अक्षर वर्षाचं : ‘ए’ म्हणजे 1976, तिथून पुढे मोजत जा, म्हणजे ‘एन’ 1989, ‘ओ’ 1990, ‘पी’ 1991. दुसरं महिन्याचं, ‘ए’ जानेवारी ते ‘एल’ डिसेंबर. ‘पीडी’ म्हणजे एप्रिल 1991. सगळे भाग काही महिन्यांच्या अंतरात असतील तर सायकल मूळची आहे. एकच भाग ‘टी’चा, म्हणजे 1995 चा निघाला तर तो बदललेला आहे, त्यात फसवणूक असेलच असं नाही. ‘पीजे’ म्हणजे ऑक्टोबर 1991, आणि असे भाग बहुधा 1992 च्या मॉडेलवर सापडतात. चेन, टायर, सीट जमेस धरू नका. ती झिजतात आणि बदलली जातातच.

पोलादी म्हणून विकत असतील तर फ्रेमला चुंबक लावून पाहा. सीटचा खांब हलतो का, हे मात्र न चुकता विचारा. पोलादी नळीत अॅल्युमिनियमचा खांब वर्षानुवर्षं न हलवता राहिला की गंजून घट्ट बसतो, आणि तो काढताना फ्रेम वाकू शकते. खांब निघत असेल तर खालच्या टोकावर ठोकलेलं माप वाचा, उदाहरणार्थ 26.8 किंवा 27.2. आतल्या नळीचा व्यास 0.2 मिमीने चुकला तरी खांब एक तर बसत नाही किंवा आत सरकतो.

प्रश्न : 1987 च्या सुमारास लेस्टरमध्ये घेतलेल्या सायकलीवर प्राण्याच्या पंजाचे ठसे होते. मागचा ब्रेक कुठे होता ते दिसायचंच नाही. ती कोणती असेल? — एक वाचक, इंग्लंड

उत्तर : पंजाचे ठसे म्हणजे ‘मडी फॉक्स’ या ब्रिटिश कंपनीची सायकल. ब्रेक दिसत नव्हता कारण तो खाली, पेडलच्या मागे, आडव्या नळ्यांच्या पोटाला बसवलेला यू-ब्रेक किंवा रोलरकॅम असणार. 1986 ते 1988 मध्ये ही पद्धत जोरात होती. चिखल नेमका तिथेच साचायचा, ब्रेकशू बदलायला हात पोहोचायचा नाही, म्हणून ती बंद पडली. अशी फ्रेम मिळाली तर तिच्यावर साधा कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक बसवायचा प्रयत्न करू नका. यू-ब्रेकचे खुंट रिमच्या दुसऱ्या बाजूला असतात, नवा ब्रेक रिमला टेकतच नाही.

प्रश्न : नव्वदच्या दशकातली आमची ‘रेंजर’ पुन्हा चालू करायची आहे. जुन्या 26 इंची सायकलीचे टायर चालतील का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आधी टायरच्या बाजूवरचा आकडा वाचा. रेंजर हे हिरोचं मॉडेल, पण आपल्याकडे जाड टायरच्या कुठल्याही सायकलीला रेंजर म्हणत, त्यामुळे नावावर विसंबू नका. 26 × 1.95 किंवा 2.125 असं दशांशात लिहिलं असेल तर रिम 559 ची. 26 × 1⅜ असं अपूर्णांकात असेल तर 590 ची. दोन्हींना 26 इंचीच म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. दुकानात ‘सव्वीसचा द्या’ म्हणू नका, जुना टायर सोबत न्या.